टेलची हाक

जानेवारीतल्या त्या मंगळवारी निंबोळ्याच्या पाटाचं दार सकाळी आठ वाजता आपोआप वर उचललं गेलं. उत्तम भामऱ्यांनी सवयीने घड्याळात पाहिलं आणि मान हलवून दाराला होकार दिला, जणू त्याला अजून त्यांच्या परवानगीची गरज होती. दाराचं लोखंडी चाक काढून तीन वर्षं झाली होती. आता तिथे मोटर होती आणि मोटरीला पुण्याहून हुकूम यायचा. तरी गावाने पाटकरी म्हणून उत्तमरावांनाच ठेवलं होतं. पाणी पाटात सोडणं मोटरीला जमत होतं. पुढे ते कुणाच्या वाफ्यात आणि किती वेळ द्यायचं, हे अजून माणसालाच ठरवावं लागत होतं.

"किती दिवस?" पाण्याकडे बघतच त्यांनी विचारलं.

"नऊ," मागे उभी असलेली त्यांची मुलगी ईश्वरी म्हणाली. ती आदल्याच दिवशी पुण्याहून आली होती.

"नऊ दिवस. बरं. मग पुढची पाळी कधी?"

"पुढची नाही, आबा. या हंगामात एवढीच."

उत्तमरावांनी हातातलं फावडं पाटाच्या कडेला टेकवलं. "गव्हाला अजून चार पाळ्या लागतील. तुमच्या यंत्राला गहू ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

या 'मग'चं उत्तर ईश्वरीकडे होतं. पुण्यात कुणी विचारलं असतं तर तिने ते दहा मिनिटांत, फळ्यावर दोन आलेख काढून समजावलं असतं. इथे तिला पहिलं वाक्य सापडेना.

उत्तर असं होतं. झाड पाणी पितं तेव्हा ते पानांवाटे वाफ होऊन निघून जातं आणि पान गार होतं. माठ पाझरून पाणी गार होतं तसंच. तहानलेलं पान तापतं. सात उपग्रह दिवसातून तीन वेळा देशभरातल्या पानांचं तापमान घेत होते. त्यावरून कुठल्या वाफ्यातल्या पिकाने किती पाणी प्यायलं हे कळायचं, आणि त्यात फारशी चूक होत नसे. पुढचा भाग अर्थशास्त्राचा होता. शेताला दिलेल्या पाण्याची किंमत म्हणजे नुसती गव्हाची किंमत नव्हे. त्या गव्हावर मळणीयंत्रवाला जगतो, चक्की चालते, ट्रक भरतो, आणि आठवडे बाजारातली बांगडीवालीसुद्धा ज्या वर्षी पाटाला पाणी असतं त्याच वर्षी पाल मोठं टाकते. हा सगळा गोतावळा धरून, एखाद्या गावातून हजार लिटर पाणी काढून घेतलं तर देशाचं उत्पन्न किती रुपयांनी घटेल, तो आकडा यंत्र काढायचं. त्याला जलमूल्य म्हणत. तीन वर्षं ओळीने पाऊस हुकल्यावर धरणांची दारं या आकड्याला जोडली गेली. ज्याचं जलमूल्य जास्त, त्याला पाणी आधी.

ईश्वरी नववीत असताना शाळेत आलेल्या एका साहेबांनी भाषणात विचारलं होतं, "या जुन्या पाटांवर खर्च होतो, पण देशाला त्यातून मिळतं काय?" पहिल्या बाकावर बसलेल्या ईश्वरीला उत्तर देता आलं नव्हतं. पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती राष्ट्रीय जलमूल्य केंद्रात लागली ती त्या साहेबांना उत्तर द्यायला. आपल्या बापाच्या पाटाची किंमत तिला दशांश चिन्हासकट सांगायची होती.

ती तिने सांगितलीही. पहिल्या वर्षी निंबोळ्याचं जलमूल्य एकतीस रुपये आलं. तिने घरी पेढे पाठवले होते.

"आबा, मागच्या वर्षी आपण दोन फड पडीक ठेवले ना?" तिने शेवटी सुरुवात केली.

"तूच सांगितलंस फोनवर. काटकसर करा, यंत्र बघतंय म्हणून. तसंही पाणी कमी असलं की ठेवतोच की आपण."

ते ठेवतच. पांझरा नदीच्या काठी असे फड शेकडो वर्षांपासून होते. निंबोळ्याची पाटाखालची सारी जमीन चार फडांत वाटलेली, आणि प्रत्येक घराची एकेक पट्टी चारही फडांत. टंचाईच्या साली पंच एखादा फड कोरडा ठेवत. मग झळ लागायची ती सगळ्यांना, आणि सारखी. उरलेल्या फडांत पाणी शेवटच्या पट्टीपर्यंत, म्हणजे टेलपर्यंत जायचं. टेलच्या माणसाने "पोचलं!" अशी हाक दिल्याशिवाय पाटकऱ्याने वाफा तोडायचा, म्हणजे पाणी दुसरीकडे वळवायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडलेलाही नव्हता.

"यंत्राने ते पाहिलं," ईश्वरी म्हणाली. "चाळीस टक्के पाणी कमी घेतलं आणि एकाही वाफ्यातलं पान तापलं नाही."

"चांगलंच की."

"त्यावरून ते शिकलं की निंबोळ्याचं पाणी काढून घेतलं तर देशाचं काही बिघडत नाही. आपलं मूल्य एकतीसवरून आठवर आलं, आबा. बारापेक्षा कमी असलेल्यांना एकच पाळी. आपलं पाणी खाली हायड्रोजनच्या कारखान्याला जाणार."

"म्हणजे आपण कुरकुर केली नाही म्हणून," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी फावडं उचललं. पाणी पहिल्या वळणापाशी पोचलं होतं.

*

हेच भांडण ईश्वरी आधी पुण्यात करून आली होती. नाझनीन सय्यद, तिच्या विभागप्रमुख, शांत बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक कुठेय ते दाखव," त्या म्हणाल्या. "मी आत्ता दुरुस्त करते."

"मॅडम, लोकांनी सोसलं. दोन घरांनी गाई विकल्या. बायांनी पाटाकडेची भाजी बंद केली. टेलच्या मंगलाकाकूंची सून मजुरीला सुरतेला गेली. हे कुठेच आलं नाही."

"सोसलेलं कसं मोजायचं? तू सांग. सूत्र दे, उद्या घालते."

ईश्वरीकडे सूत्र नव्हतं. ते कुणाकडेच नव्हतं.

"तुझाच आलेख होता तो," सय्यद मॅडम हलकेच म्हणाल्या. "निंबोळ्याचा. कमी पाण्यात न डगमगणारं गाव. दिल्लीच्या बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. त्यावरून यंत्राने असली चारशे गावं शोधली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पंधरा फेब्रुवारीला फेरमूल्यांकन आहे. नुकसान झालेलं दिसलं तर मूल्य वर जाईल. पण ते दिसायला हवं. आणि कसं दिसतं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

ईश्वरीला ठाऊक होतं, कारण तो नियम तिनेच यंत्राला शिकवला होता. वरून बघताना एक अडचण यायची. शेत वाळलेलं दिसतं, पण ते पाण्यावाचून जळालं की शेतकऱ्याने आपणहून सोडून दिलं, हे कसं ओळखायचं? तिने देशातल्या सात हजार कालव्यांच्या प्रतिमा तपासल्या आणि तिला एक खूण सापडली. पाणी खरोखर कमी पडतं तेव्हा कालव्याच्या तोंडाशी असलेली माणसं आधी आपलं भिजवून घेतात. हेडला हिरवं राहतं, टेलला जळतं, मध्ये उतरता रंग. सगळं एकदम आणि सारखं वाळलं असेल, तर ते सोडलेलं रान. शंभरात सत्त्याण्णव वेळा हे बरोबर यायचं. या कामासाठी तिला बढती मिळाली होती.

स्वतःच्या गावाचं प्रकरण आहे हे तिने लेखी कळवलं. नियमाप्रमाणे फेरमूल्यांकन होईपर्यंत निंबोळ्याच्या प्रतिमा तिच्यासाठी बंद झाल्या.

*

पंच दुपारी सोसायटीच्या गोदामात बसले. हिलाल जिभाऊ, वय शहात्तर, पंचांचे मुखिया, पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसले होते. बाया दाराजवळ होत्या. ईश्वरीने सगळं सांगितलं. या वेळी आलेख काढले नाहीत.

"म्हणजे उपग्रहाला दाखवायला आजारी पडायचं," हिलाल जिभाऊ म्हणाले. "ते जमेल. शाळेत असताना मी दर सोमवारी पडायचो."

गोदामात हशा पिकला.

"सोंग नाही, जिभाऊ. खरंच जळावं लागेल. नऊ दिवसांचं सगळं पाणी वरच्या निम्म्या पट्ट्यांना द्यायचं. वरची दोन शेततळी भरून घ्यायची आणि ते पाणीही पुढे वरच्याच पट्ट्यांना. खालच्या निम्म्या सोडून द्यायच्या. वर हिरवं, खाली जळालेलं. तसं दिसलं तरच यंत्र त्याला टंचाई म्हणतं."

"आणि सगळ्यांना थोडं थोडं दिलं तर?"

"मग सगळंच जळेल, पण यंत्र म्हणेल, यांनी शेती सोडली."

"आम्ही सोडली?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला इथे पाठव एकदा. दोन सारे भिजवायला लाव."

"या साली टेलला कोण कोण?" हिलाल जिभाऊंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. या सालीही दोनच फड चालू होते; त्या दोन्हींत टेलच्या पट्ट्या ज्या अकरा घरांच्या होत्या, त्यांची माणसं एकत्रच बसली होती. त्यांतली मंगलाबाई बागूल उठली. साठीची, एकटी राहणारी बाई. सून सुरतेला गेली ती हिचीच.

"जळू द्या मनं," ती म्हणाली. "पण वरला गहू सगळा घरमा वाटशात ना?"

"वाटू," हिलाल जिभाऊ म्हणाले. "पोत्याला पोतं. तुझ्याकडे आधी."

"मंग व्हयनं तं. इतलं काय तोंड पाडीसन बसनात?"

इतक्या सहज ते ठरलं की ईश्वरीला छातीवरचा दगड सरकल्यासारखं वाटलं. गणित जुळत होतं. निम्मं पीक हाती येणार होतं, ते सगळ्यांत वाटलं जाणार होतं, आणि पुढच्या वर्षी पाच पाळ्या परत मिळणार होत्या.

उत्तमराव बैठकीत एकदाही बोलले नव्हते. ते दाराबाहेर चपला शोधत असताना ईश्वरीने गाठलं.

"आबा, जमेल ना?"

"तू सांगतेस तर जमेल."

"टेलची हाक येणार नाही. थांबू नका हाकेसाठी."

"ऐकू येतंय मला, बेटा. अजून बहिरा नाही झालो."

*

पुण्याहून ती रोज फोन करायची. "सांगितलं तसंच चाललंय ना?" आणि उत्तमराव म्हणायचे, "चाललंय." नवव्या दिवशी दार बंद झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "जळायला लागलं का?" ते म्हणाले, "लागलं." त्यांचा आवाज इतका बारीक होता की तिने पुढे काही विचारलं नाही. बापाच्या हातून आपण पीक जाळवून घेतोय ही टोचणी तिला होतीच. ती तिने पुढच्या वर्षाच्या आशेवर ढकलून दिली.

पंधरा तारखेला सकाळी सय्यद मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"आता बघू शकतेस तू."

पडद्यावर निंबोळं होतं. नदीची वाकडी रेघ, पाटाची सरळ रेघ, त्यामधले दोन फड. ईश्वरी हिरवा रंग शोधत होती. वरच्या तोंडाशी नव्हता, मध्येही नव्हता. हेडपासून टेलपर्यंत एकच रंग होता, भाजलेल्या पापडासारखा, कुठेही गडद नाही की फिकट नाही.

"हेडच्या आणि टेलच्या पानांच्या तापमानात फरक किती, माहितीये?" सय्यद मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या अंशाहून कमी. मी वीस वर्षं हे काम करते आहे. एवढं सारखं मी कुठेच पाहिलेलं नाही. कसं केलं त्यांनी?"

ईश्वरीची नजर खाली सरकली. प्रतिमेखाली यंत्राचा शेरा होता: पडीक, स्वेच्छेने. खात्री सत्त्याण्णव टक्के. जलमूल्य चार. त्याखाली एक ओळ, जी तिने आजवर फक्त दूरच्या राज्यांतल्या गावांसाठी पाहिली होती: वाटपातून कायम वगळले.

"अपील?" तिने विचारलं.

"कशाच्या आधारावर? शेतं सोडलेली नव्हती हे तू सांगणार, आणि यंत्राला शिकवणारीही तूच. शिवाय बंद प्रकरणात गावाला काय दाखवायचं ते सांगून आलीस, हे बाहेर आलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "बाकीची तीनशे नव्व्याण्णव गावंही अशीच असतील का गं?"

*

एसटी निंबोळ्याच्या फाट्यावर थांबते तिथून जवळ टेल आहे. मंगलाबाई बांधावर बसून वाळलेल्या गव्हाच्या काड्या जनावरांसाठी बांधत होती. ओंब्या होत्या, पण आत दाणा भरला नव्हता. हातावर चोळल्या की नुसता भुसा उडत होता.

"कव्हय उनी व ईश्वरी?"

"आत्ताच. काकू, तुमच्याकडे पाणी आलं होतं?"

मंगलाबाईने काड्यांची पेंढी बाजूला ठेवली. "मी हाक नाही दिली हो," ती घाईने म्हणाली. "शप्पथ. दोन दिवस पाणी नाही आलं, तर मी घरीच बसले. तिसऱ्या दिवशी नुसती बघायला म्हणून आले इथे. तोंड दाबून उभी राहिले. समोरून पाणी आलं. आणि पाण्यामागून तुझा बाप, फावडं खांद्यावर."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, मंगलाबाई, पोचलं का? मी म्हटलं, नाना, नको ना, पोरीनं सांगितलंय. तर उत्तर देईपर्यंत उभेच. मग म्हटलं, पोचलं. तेव्हा गेले."

पाटाच्या कडेने ईश्वरी वर चालत गेली. दोन्ही बाजूंना तोच रंग होता, जो पडद्यावर होता. वरची दोन्ही शेततळी तळापर्यंत रिकामी होती. तेही पाणी त्यांनी सगळ्यांना दिलं होतं.

उत्तमराव दारापाशी बसून फावड्याचं पातं गवताच्या जुडीने पुसत होते. पाळी संपली की ते फावडं पुसून, तेल लावून ठेवत. या वेळी एक महिना उशीर झाला होता.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मी सांगणार होतो तुला फोनवर. दोन दिवस दिलं तू म्हणालीस तसं. तिसऱ्या दिवशी हात वळेना. चाळीस वर्षं टेलकडून हाक आल्यावर वाफा तोडलाय मी. हाक नाही तर कुठे थांबायचं तेच कळेना." ते पातं पुसत राहिले. "मग म्हटलं, जळायचंच आहे तर सगळ्यांचं सारखं जळू दे. जळालेलं दिसलं म्हणजे झालं, वर काय आणि खाली काय. जळालेलं ते जळालेलंच ना?"

ईश्वरी त्यांच्याशेजारी सिमेंटच्या कठड्यावर बसली. गोदामात आपण काय सांगितलं होतं, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्यांच्या हिशेबी ते खरं असणं शक्यच नव्हतं. सारखं वाटलं म्हणून कुणी शिक्षा देईल, हे त्यांना कोण पटवून देणार होतं?

"दिसलं का वरून?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"काय दिसलं?"

"सारखं. हेडपासून टेलपर्यंत एकसारखं."

त्यांचे हात थांबले. "फरक नाही?"

"अर्ध्या अंशाचाही नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, देशात दुसरीकडे कुठे असं पाहिलं नाही."

उत्तमरावांनी तोंड नदीकडे फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला एका बाजूनेच दिसलं, आणि तेवढंही तिला बघवेना. नोकरी लागल्याचा फोन तिने केला होता तेव्हा त्यांनी असंच तोंड फिरवलं असेल.

"चाळीस वर्षांत कुणी मोजून सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी बाटलीतलं दोन थेंब तेल पात्यावर टाकलं, बोटाने कडेपर्यंत पसरवलं आणि फावडं दाराच्या खांबाला टेकवून ठेवलं, लगेच हाताशी येईल असं.

"मग पुढची पाळी कधीची धरू?"

"पुढची नाही, आबा," ती म्हणाली.

जानेवारीत याच जागी तिने त्यापुढे 'या हंगामात एवढीच' असं जोडलं होतं. ते शब्द येतील म्हणून उत्तमराव तिच्याकडे बघत थांबले.